धोका नाही

आज सकाळी पश्चिम राजवीधीच्या रस्त्यावरून सरकारी प्रसिद्धीची गाडी गेली. टपावर दोन भोंगे, खिडक्यांना ताडपत्री, आत कोणी नवा निवेदक. "नद्यांना पाणी आहे, पण बांध भक्कम आहेत. धोका नाही. अफवांवर विश्वास ठेवू नये." तमिळ स्वच्छ होतं, आवाज तयार होता. 'धोका' म्हणण्याआधी घ्यायचा अर्धा श्वासही त्यानं बरोबर घेतला. तो श्वास माझा आहे. त्या गाडीवर तसा थांबायला पहिल्यांदा मी लागलो. मी वाचनालयाच्या पायरीवर छत्री झटकत उभा होतो आणि माझे कान तापले. इतक्या ऐप्पसी आल्या आणि गेल्या. निदान वाक्य तरी बदलायला हवं होतं यांनी.

ऐप्पसी म्हणजे आपला आश्विन उतरताना लागणारा तमिळ महिना. सातारा-पुण्याकडचा कोणी पाहुणा या दिवसांत तंजावुरात आला तर त्याला वाटतं, दसरा झाला, पाऊस संपला. आमचा तेव्हा समुद्रावरून यायला लागतो. दुपारी आभाळ शिशाच्या रंगाचं होतं आणि मग तीन-तीन, चार-चार दिवस एकाच लयीत पडत राहतं. मोठ्या देवळाचं शिखर दिसेनासं होतं. धोतरं वाळत नाहीत. सगुणा, माझी बायको, चुलीवर दोरी बांधून ती धुरावर वाळवते, आणि महिनाभर मी धुराचा वास अंगावर घेऊन कचेरीत जातो. कागद सर्द होतात, सायक्लोस्टाइलची शाई अक्षराबाहेर पसरते. शहर संपलं की दोन्ही बाजूंना नुकतं लावलेलं सांबा भात, गुडघाभर पाण्यात उभं. लोक म्हणतात, किती देखणं दिसतं. मला अलीकडे ते देखणं दिसत नाही. पाणी कुठपर्यंत चढलंय तेवढंच मी बघतो.

त्या गाडीवर मी नऊ वर्षं होतो. माझ्या हुद्द्याला सरकारी भाषेत लांबलचक नाव होतं. खेड्यांतले लोक मला 'माइक राव' म्हणत. स्वातंत्र्य नवं होतं, योजना नव्या होत्या आणि लोकांना सांगण्यासारखं पुष्कळ होतं. डासांची फवारणी, भाताची नवी लावणी, देवीची लस. संध्याकाळी चावडीपुढे पांढरा पडदा बांधायचा, सिनेमा दाखवायचा, आणि रीळ बदलताना मी बोलायचं. घरी आम्ही मराठी बोलत असू, तीही दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची, तमिळ हेल चढलेली; पण माझ्या तमिळचा मला गर्व होता. शेतमजुराला कळेल असं तमिळ, पुस्तकी नव्हे. सगुणा हसायची. "घरांत तुमचा आवाज निघत नाहीं," म्हणायची, "बाहेर अस्क्या गावास ऐकूं येतो." अस्क्या म्हणजे सगळ्या.

हे मी सांगतोय ते बढाई म्हणून नाही. लोक माझ्यावर विश्वास ठेवत असत, आणि तो विश्वास मी कमावलेला होता. हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ज्या गावाबद्दल लिहायचं आहे त्याचं नाव मी लिहीत नाही. तंजावुरापासून बावीस मैल, पाटाच्या अगदी शेवटी. तमिळमध्ये अशा गावाला कडैमडै म्हणतात, म्हणजे पाण्याची शेवटची मोरी. उन्हाळ्यात तिथे पाणी सर्वांच्या नंतर पोचतं. पुरात वरच्या सगळ्या गावांचं नको असलेलं पाणी तिथेच येतं. रस्त्याच्या उंचवट्यावर मिरासदारांची घरं, त्यांच्या शेजारी सरकारनं बांधलेली नवी शाळा. आणि खाली, पाटाच्या बांधाला टेकून, मजुरांची चेरी, म्हणजे अस्पृश्यांची वस्ती. मातीच्या भिंती, ताडाच्या झावळ्यांची छपरं.

अंजलै त्या चेरीतली. देवीची लस टोचायची मोहीम आली तेव्हा त्या गावात एकही आई मूल बाहेर काढेना. कणग्यांत पोरं लपवली होती. मी माइक बंद केला, गाडीतून उतरलो आणि झाडाखाली बसून तासभर नुसता बोलत राहिलो. शेवटी एक उंच, काळीसावळी बाई पुढे आली. कडेवर मुलगी. "सामी, तुमच्या पोराला टोचलंय का?" तिनं विचारलं. मला मूल नव्हतं. मी बाही वर करून माझ्या दंडावरचा व्रण दाखवला. तिनं तो बोटानं चाचपून पाहिला. चेरीतल्या बाईनं ब्राह्मणाच्या अंगाला हात लावलेला पाहून मिरासदाराचा कारभारी खाकरला. तिनं तिकडे पाहिलंही नाही. मुलीचा हात पुढे केला. मुलीचं नाव चेल्ली. तिच्यामागून मग सगळी चेरी आली. त्या दिवशी घरी येताना मी गाडीत गात होतो, असं मुत्तय्या पुढे कित्येक वर्षं सांगायचा. मुत्तय्या आमचा ड्रायव्हर.

आता ती ऐप्पसी.

चौथ्या दिवशीही पाऊस थांबला नव्हता. सकाळी आठ वाजता साहेबांनी मला बोलावलं. साहेब मद्रासकडचे, मृदू बोलणारे. आवाज चढवलेला मी त्यांना कधी ऐकला नाही. ज्या माणसाला कधीच ओरडावं लागत नाही त्याची मला अजून भीती वाटते. त्यांच्या हिरव्या शाईच्या पेनानं लिहिलेला एक कागद टेबलावर होता.

"राव, त्या शेवटच्या गावात जरा जाऊन या," ते म्हणाले. "चेरीचे लोक बोचकी घेऊन शाळेत शिरायला लागलेत."

"पाणी वाढलं असेल, सार."

"पाणी दरवर्षी वाढतं. परवा त्या शाळेचं उद्घाटन आहे. मद्रासहून मोठे पाहुणे येतायत, त्यांचं जेवण तिथेच आहे. नवा चुना लावलाय. आज शंभर माणसं, बकऱ्या, चुली आत गेल्या तर परवा आपण काय दाखवणार?" त्यांनी कागद पुढे सरकवला. "घबराट पसरता कामा नये. तुमचं ते लोक ऐकतात."

बांध कोणी पाहून आलंय का, हा प्रश्न माझ्या तोंडात होता. मी विचारला नाही. का विचारला नाही याची कारणं मी इतक्या वर्षांत पुष्कळ शोधली. पाटाचं काम दुसऱ्या खात्याचं. साहेबांना माहीत असणार. कागदावर सही होती. सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही माझ्या उपयोगाचं नाही.

शाळेपुढे केळीचे खांब बांधले होते, कागदी पताका भिजून दोरीला चिकटल्या होत्या. ओसरीवर, नव्याकोऱ्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून, चेरीची माणसं बसली होती. म्हातारी माणसं आत सरकवलेली, पोरं मध्ये. भिंतीला ओले हात लागू नयेत म्हणून बायका पोरांचे हात धरून बसल्या होत्या. मुख्याध्यापक दारात कुलूप हातात घेऊन उभे होते.

मी गाडीतूनच वाचलं. पाटाला पाणी आहे, पण बांध भक्कम आहे. धोका नाही. सर्वांनी आपापल्या घरी जावं. शाळेच्या आवारात गर्दी करू नये.

कोणी हललं नाही. मग अंजलै उठली. भिजत गाडीपाशी आली आणि खिडकीत हात ठेवून तिनं विचारलं, "सामी, हे ते म्हणतायत की तुम्ही म्हणताय?"

तिला नेमकं काय विचारायचंय हे मला त्या क्षणी कळलं होतं. मी माइकचं बटण बंद केलं आणि माझ्या साध्या आवाजात म्हटलं, "जा गं. काही होत नाही."

हे वाक्य कागदावर नव्हतं. हे माझं होतं.

तिनं मान हलवली, मागे वळून चेल्लीला हाक मारली, सासूला हात देऊन उठवलं. ती उठली म्हणून बाकीचे उठले. मुख्याध्यापकांनी कुलूप लावलं. गाडीत बसल्या बसल्या मी नोंदवहीत रोजच्यासारखं लिहिलं: 'पूरस्थितीबाबत गावात सूचना दिली.' आणि कागद, नियमाप्रमाणे, कचेरीत येऊन साहेबांना परत केला.

दुपारी तीनच्या सुमाराला बांध फुटला.

दुसऱ्या दिवशी गाडी जाईल तिथपर्यंत गेलो आणि पुढे कंबरभर पाण्यातून चालत. चेरी नव्हती. झावळ्या, मडकी, मेलेल्या कोंबड्या, आणि या सगळ्याच्या मधून गढूळ पाणी अगदी शांतपणे वाहत होतं. शाळा उंचावर कोरडी उभी होती. कुलूप तोडून नव्हे, मुख्याध्यापकांनी स्वतः उघडून, आता ती दिली होती. ओसरीवर प्रेतं ठेवली होती. तिथे अंजलैची सासू होती, आणि तिच्याजवळ आखूड चटईत गुंडाळलेली चेल्ली. अंजलै भिंतीला टेकून बसली होती. तिच्या ओल्या लुगड्याचा चिखल चुन्यावर उतरत होता आणि आता तिला कोणी काही म्हणत नव्हतं.

तिनं मला पाहिलं. शिवी दिली असती तर मी उभा राहू शकलो असतो. मी वळलो आणि पाण्यात उतरलो.

पाहुणे आले नाहीत, रस्ताच वाहून गेला होता. कचेरीत मात्र घाई उडाली. मद्रासला निवेदन पाठवायचं होतं. साहेबांनी माझी नोंदवही मागवली, ती ओळ वाचली, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी पाहिलं. ते इंग्रजीत सांगत गेले, मी तमिळमध्ये उतरवत गेलो. 'अधिकाऱ्यांनी गावात आगाऊ सूचना देऊनही काही लोक सखल भागातून हलले नाहीत. त्यामुळे दुर्दैवानं जीवितहानी झाली.'

माझं पेन थांबलं. "सार, आपण त्यांना जा म्हणून सांगितलं होतं."

"सूचना दिली ना आपण?" ते त्याच मृदू आवाजात म्हणाले. "तुमच्याच अक्षरात आहे. मी एक शब्दही बाहेरून आणलेला नाही, राव."

खरंच आणलेला नव्हता. काय सूचना दिली ते न लिहिता 'सूचना दिली' एवढंच लिहायची सवय मला त्या कचेरीनं लावली होती आणि मी ती हौसेनं लावून घेतली होती. उपाय योजले जात आहेत. परिस्थितीवर लक्ष ठेवलं जात आहे. नोंद घेण्यात आली आहे. नऊ वर्षं अशी वाक्यं मी घासूनपुसून लोकांपुढे ठेवली. त्यांत कुठेच माणूस नसतो. कोणी काही करत नाही, सगळं आपोआप होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ती वाक्यं तशी का असतात. आणि कळूनही मी ते निवेदन पुरं केलं, खाली माझी आद्याक्षरं घातली.

ते वर्तमानपत्रात आलं. शेजारचे गृहस्थ ओसरीवर मोठ्यानं पेपर वाचत, तो सगुणानं ऐकला. मी जेवायला बसलो होतो. ती वाढणं थांबवून उभी राहिली.

"हें तुम्हीं लिहिलें?"

"साहेबांनी सांगितलं."

"त्या दिवशीं घरीं येऊन तुम्हीं मज काय बोललां? शाळेंतून अस्क्यांस परत धाडलें, म्हणून बोललां."

मी भात कालवत राहिलो.

"साहेबास पोर नाहीं का?" ती म्हणाली. उत्तराची वाट न पाहता आत गेली. दिवाळी चार दिवसांवर होती. दर दिवाळीला ती आलं, सुंठ, गूळ आटवून औषधी लेह्य करते, सगळ्या आळीत वाटते. त्या वर्षी चूल संध्याकाळी पेटलीच नाही.

यानंतरचं सांगताना लोक मला धीट म्हणतात. मी धीट नव्हतो. झालं असं की आठवड्यानं त्या भागात तांदूळ आणि कापड वाटायचं ठरलं आणि गाडी घेऊन मला पाठवलं. वाटपाच्या आधी तेच निवेदन वाचायचं, असा हुकूम. ज्यांना मी घरी पाठवलं, त्यांनाच माइकवरून सांगायचं की तुम्ही हलला नाहीत. हे ज्यानं ठरवलं त्याला यात काही विचित्र वाटलं नसावं. मला वाटतं, त्यानं विचारच केला नसावा. चेरीत ऐकणारं कोणी असतं, हेच त्याच्या ध्यानात नसावं. आजही मला सर्वांत जास्त राग त्याचा येतो. खोट्याचा येतो त्याहून अधिक.

शाळेपुढच्या चिखलात माणसं रांगेत बसली होती. साहेब खुर्चीवर, वर छत्री. मी वाचायला लागलो. 'आगाऊ सूचना देऊनही' इथपर्यंत आलो. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मान वर केली आणि शेजारच्याला विचारलं, "कुठल्या गावाबद्दल सांगतायत?"

त्याला खरोखर कळलं नव्हतं. त्याला वाटलं दुसरीकडेही कुठे असं झालं असेल.

मी कागद खाली ठेवला. भोंग्यांतून माझा श्वास ऐकू येत होता. मग मी म्हटलं, "हे खोटं आहे. तुम्ही शाळेत आला होता. मी तुम्हाला घरी पाठवलं. बांध भक्कम आहे असं मी सांगितलं, आणि बांध मी पाहिलेला नव्हता. कोणीच पाहिलेला नव्हता. पाहुण्यांसाठी शाळा स्वच्छ ठेवायची होती."

साहेबांनी मुत्तय्याला खूण केली, बंद कर. मुत्तय्या अँप्लिफायरपाशी गेला, वाकला, आणि दोन्ही हातांनी एकेक बटण चाचपत राहिला. "सापडेना, सार," तो म्हणाला. "ओल धरलीय." त्या अँप्लिफायरला एकच बटण होतं, आणि ते त्यानं सहा वर्षं रोज दाबलं होतं.

माझं बोलून झालं. कोणी रडलं नाही, कोणी पुढे आलं नाही. पाऊस भुरभुरत होता. मग अंजलै रांगेतून उठून गाडीपाशी आली. तिनं मला क्षमा केली, असं काही झालं नाही. तिनं मी खाली ठेवलेला कागद उचलला, उलटासुलटा पाहिला.

"असंच सगळीकडे छापलंय?"

"हो."

"मग इथे बोलून काय, सामी? इथल्या लोकांना माहीतच आहे. जिथे छापलंय तिथे बदला."

मी तिच्यासाठी अर्ज लिहिला. साध्या तमिळमध्ये, प्रत्येक वाक्यात कर्ता घालून. आम्ही शाळेत गेलो. राव यांनी आम्हाला परत पाठवलं. साहेबांनी रावांना पाठवलं होतं. मुख्याध्यापकांनी कुलूप लावलं. चेरीतल्या सगळ्यांनी अंगठे उठवले. मुख्याध्यापकांनी सही केली नाही; त्यांची बदली व्हायची होती.

चौकशी झाली. वरचे एक अधिकारी प्रवासी बंगल्यात एक दिवस उतरले. हिरव्या शाईचा तो कागद मिळाला नाही. नोंदवही मिळाली.

"हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"'सूचना दिली' म्हणजे काय सूचना?"

"घरी जा म्हणून."

"तसं इथे लिहिलेलं नाही." त्यांनी पान उलटलं. "'काही होत नाही' असं तुम्ही त्या बाईला माइक बंद करून सांगितलंत, हे खरं?"

"खरं."

"ते कागदावर होतं?"

"नव्हतं."

ते त्यांनी लिहून घेतलं. पूर्ण दिवसात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली तेवढी एकच गोष्ट मला आठवते. निष्कर्ष दोन महिन्यांनी आला. पूर ही नैसर्गिक आपत्ती. संबंधित निवेदकानं मूळ मजकुराबाहेर वैयक्तिक आश्वासन दिलं, ही त्रुटी. त्याला निवेदनाच्या कामावरून दूर करावं. अंजलैच्या अर्जाला वेगळं उत्तर आलं, एका ओळीचं. अर्जाची नोंद घेण्यात आली आहे. निवेदन वर्तमानपत्रात आलं तसंच राहिलं. साहेबांना पुढच्या वर्षी बढती मिळाली आणि निरोपसमारंभात त्यांनी माझी विचारपूस केली, त्याच मृदू आवाजात.

मला वाचनालयात बसवलं. सरकारी प्रकाशनं मांडायची, वर्तमानपत्रं काठीला लावायची, म्हाताऱ्या पेन्शनरांना चष्मे शोधून द्यायचे. तेव्हापासून मी तिथेच आहे. मला माझ्या जागेचा राग नाही. निष्कर्षातलं माझ्याबद्दलचं वाक्य खरं आहे, एवढ्यापुरता मी दोषी आहेच. मला राग याचा येतो की त्यांनी एक खरं वाक्य शोधून काढलं आणि त्याच्याआड बाकी सगळं लपवलं. ही कला त्यांना कोणी शिकवली? आमच्यासारख्यांनीच.

आणि हे मी मराठीत लिहितोय, त्याचंही मला बरं वाटत नाही. वडिलांनी मारून-मुटकून देवनागरी शिकवली म्हणून लिहिता येतं. नाहीतर आमच्या लोकांतही हे वाचणारी किती उरली आहेत? मद्रासच्या एका तमिळ पत्राला मी हे सगळं पाठवलं होतं. परत आलं. म्हणजे शेवटी जिथे छापलं तिथे बदलता आलं नाहीच, आणि आता ते मी अशा भाषेत सांगतोय जी त्या गावात एकालाही कळत नाही.

पुढची ऐप्पसी आली. चेरी पुन्हा तिथेच बांधली होती, कारण दुसरी जागा मिरासदारांची होती. पाट पुन्हा भरला. दोन दिवस पाऊस झाल्यावर चेरीतली माणसं पोरंबाळं घेऊन शाळेपाशी गेली. रविवार होता, शाळेला कुलूप. मुख्याध्यापक नवे, ते कुंभकोणमला घरी गेलेले. अंजलैनं मिरच्या वाटायचा वरवंटा आणला आणि कुलूप तोडलं. सगळी आत गेली. दोन रात्री तिथे राहिली, चुली बाहेर पडवीत मांडल्या, जाताना झाडून काढलं. पाणी त्या वर्षी बांधावरून आलं नाही.

तिच्यावर खटला झाला. सरकारी मालमत्तेची नासधूस आणि अनधिकृत प्रवेश.

मी रजा टाकून तालुक्याच्या कोर्टात गेलो. मला वाटलं, साक्ष द्यावी लागेल. कोणी विचारलं नाही. अंजलै एकटीच पुढे उभी होती. बाकीच्यांची नावं तिनं सांगितलीच नव्हती. न्यायाधीश तरुण होते, कंटाळलेले, दुष्ट नव्हेत.

"कुलूप तू तोडलंस?"

"मी तोडलं."

"पाणी आलं होतं?"

"नाही."

"पाणी आलेलं नसताना कुलूप का तोडलंस?"

तिनं जरा विचार केला. "आल्यावर तोडायला गेल्या वर्षी वेळ मिळाला नाही," ती म्हणाली.

कारकुनाचं लिहिणं थांबलं. न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदांकडे. कायदा कायदा आहे असं काहीसं म्हणाले, आणि कोर्ट उठेपर्यंत कैदेची शिक्षा दिली. म्हणजे संध्याकाळी पाचपर्यंत त्या खोलीच्या कोपऱ्यात बसून राहायचं. त्या पुराबद्दल, त्या बांधाबद्दल, त्या सगळ्या मेलेल्या माणसांबद्दल आजवर शिक्षा भोगलेलं माणूस कोण, तर अंजलै. मी हे पेन्शनरांना सांगतो तेव्हा ते मान हलवतात आणि पेपरची काठी मागतात.

ती जमिनीवर बसली. मी बाकावर बसलो होतो, मग उठून तिच्याशेजारी खाली बसलो. शिपायानं वर बसा म्हणून दोनदा सांगितलं. बाहेर पाऊस होता. एकदा ती म्हणाली, चेल्लीच्या दंडावर लसीचा व्रण चांगला उठला होता. मी हो म्हटलं. पाच वाजता न्यायाधीश उठले, तशी तीही उठली. बसपर्यंत मी बरोबर गेलो.

"सामी, तुम्ही कचेरीतले," बसच्या पायरीवर पाय ठेवून ती म्हणाली. "एवढं विचारून ठेवा. नवीन कुलूप लावलंय. त्याची चावी कोणाकडे असते?"

मी विचारलं. मुख्याध्यापकांना विचारलं, त्यांनी तालुक्याकडे बोट दाखवलं. तालुक्यानं तंजावूरकडे. तीन आठवडे लागले. तोडफोडीच्या त्या प्रकारानंतर नवा नियम झाला होता: सुट्टीच्या दिवसांत चावी तंजावुरात, माझ्याच जुन्या कचेरीशेजारच्या खोलीत, एका कपाटात. बावीस मैलांवर. मी कारकुनाला विचारलं, पूर आला तर? त्यानं सांगितलं, अर्ज आल्यास विचार केला जाईल.

पुढच्या रविवारी मी सायकल बसवर टाकली आणि गावात गेलो. अंजलै बांधावर चिखल थापत होती, चेरीच्या बाजूनं, चार बायकांबरोबर. मी तिला सगळं सांगितलं. कपाट, नियम, अर्ज.

तिनं हातातला चिखल बांधावर नीट बसवला, वरून तळव्यानं थोपटला.

"बरं," ती म्हणाली. "मग पुन्हा तोडू."